भंडाऱ्यातली दहावी माशी

सुकेशनीताईला मी फोनवर नाय नाय ते बोललो होतो, हे आधी सांगून टाकतो. बाईची गोष्ट सांगायची अन् आपलं तेवढं झाकून ठेवायचं, हे मला पटत नाय. बोललो ते एका माशीवरनं. हसू नका. त्या माशीपायी आमच्या आबांचा मेंढरांचा वाडगा उठायची वेळ आली होती.

मी अजिनाथ. वाळूजला एका कारखान्यात मशीनवर आहे, राहायला रांजणगावला. आबा म्हणजे माझे वडील केरबा, अन् माय बानाबाई. दोघं गावाकडं असतात, वैजापूरच्या अलीकडं. ऐंशीएक मेंढरं आहेत. गायरानाच्या कडंला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला आमचा वाडगा आहे. माझ्या आज्यानं घातला तेव्हापासून मेंढरं रात्री तिथंच बसतात. आबांची सत्तरी उलटली, पण अजून घरात झोपायचं म्हणलं की त्यांना झोप लागत नाय. वाडग्याच्या तोंडाशी घोंगडं टाकलं की दोन मिनिटांत घोरायला लागतात.

या वाडग्यापासून दीडशे पावलांवर शिवराजनं रेशमाची शेड टाकली. शिवराज आमच्याच गावचा, शिकलेला अन् कष्टाळू गडी, त्याच्याविषयी मी वाईट बोलणार नाय. दोन एकर तुती लावली, पहिली दोन वर्षं कोष चांगले निघाले. औंदा मात्र लागोपाठ दोन बॅची गेल्या. अळ्यांच्या अंगावर काळे डाग, कोषाला भोक. उझी माशी लागली होती. ही माशी रेशमाच्या अळीच्या अंगावर अंडं घालते. अंड्यातनं निघालेला किडा अळीच्या आत शिरतो अन् तिला जित्तेपणी खातो. शिवराजनं शेडमधल्या माशा धरून बरणीत भरल्या. मग आमच्या मेंढरांच्या पायावर बसलेल्या माशा धरून दुसऱ्या बरणीत भरल्या. दोन्ही करड्या, दोन्हींच्या पाठीवर काळ्या रेघा. मग काय, दोन्ही बरण्या गावभर फिरल्या. मेंढरांच्या वाडग्यात उझी तयार होती अन् शेडमधी शिरती, असं लहान पोरंसुद्धा बोलायला लागली.

रेशीम खात्याचे एक साहेब येऊन सांगून गेले की मेंढरावरची माशी वेगळी असते. पण ते गाडीतनं उतरले न उतरले तोच परत बसले. सांगितलं, दाखवलं काय नाय. गावाला डोळ्यानं दिसलेलं खरं वाटतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचं ठरलं, की वाडगा गायरानातनं उठवून नाल्याच्या पल्याड न्यायचा. पल्याड पाण्याचा थेंब नाय अन् लांडग्यांचा वावर. तिथं वाडगा न्यायचा म्हणजे मेंढरं विकायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. माय फोनवर म्हणली, तुझे आबा भाकर चतकोर खातात अन् उठतात.

आमच्या शिफ्टच्या बसवर राजकुमारभाऊ ड्रायव्हर आहेत. एका सकाळी मी पुढच्या सीटवर बसून हे सगळं कुणाला तरी सांगत होतो, तर ते स्टेअरिंगवरनंच म्हणले, आमची मिसेस माशा ओळखते, फोटो पाठव. मला वाटलं भाऊ मस्करी करतायत. भाऊ गाडी चालवताना मस्करी करत नाय, हे मला नंतर कळलं.

तर ही सुकेशनीताई. शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट. तिचे वडील कचरू त्याच कॉलेजात शिपाई होते. ते नोकरीत असतानाच वारले, अन् अनुकंपावर ताई लागली. तेव्हा ती बारावी झालेली, वय एकोणीस. काम काय, तर बरण्या धुवायच्या, बेडकांचे ट्रे पुसायचे, मास्तर लोकांना चहा. तिथल्या एका सरांचा माशांचा अभ्यास होता. माशीचा पंख अलगद काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, वर पातळ काच ठेवायची. सरांचा हात कापायला लागला तसं हे काम ताईकडं आलं. आधी नुसती पंख लावायची, मग लावता लावता शिरा बघायला लागली, मग सरांच्या आधीच सांगायला लागली की ही अमकी, ही तमकी. सर हसायचे अन् भिंगातनं बघून मान हलवायचे. असं करत करत नोकरीला बावीस वर्षं झाली. कपाटात साडेतीन हजार पट्ट्या आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त ताईनं ओळखलेल्या. प्रत्येक पट्टीला कागद चिकटवलेला असतो, कुठं सापडली, कुणी धरली, कुणी ओळखली. ओळखणाऱ्याच्या जागी सगळीकडं सरांचं नाव. सरांनी एक पुस्तक काढलं, त्यात आभाराच्या पानावर ताईचं नाव आलं, तेही ‘सुकेशिनी’ असं. मी एकदा म्हणलं, ताई, राग नाय आला? म्हणली, आला होता. दोन दिवस कुणाशी बोलले नाही. मग पट्ट्या साचल्या.

सर निवृत्त झाले, पण ताई थांबली नाय. रेशीमवाल्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपात तिचा नंबर कुणीतरी टाकला, तेव्हापासून जालना, बीड, कुठून कुठून फोटो येतात. ताईचं सगळ्यांना एकच सांगणं असतं, पाठीचा फोटो पाठवू नका, पंखाचा पाठवा. पंखाच्या मधनं एक शीर कडेकडं जाते. उझीच्या पंखात ती शीर मध्येच वळते, हात कोपरात वाकवावा तशी, अन् वरच्या शिरेच्या जवळ जाऊन बसते. मेंढराला चावणारी जी गोठ्यातली माशी असते, तिच्यात ती शीर सावकाश वर चढते, कोपर नाय. पुस्तकात त्या वळणाला काहीतरी इंग्रजी नाव आहे, ताई कोपरच म्हणते, अन् आता ग्रुपातले सगळे कोपरच म्हणतात. घरातल्या साध्या माशीलाही कोपर असतं, तिला ताई दुसऱ्या खुणांवरनं बाजूला काढते. ते मला अजून जमलेलं नाय, खोटं कशाला बोलू.

ताईनं मला गुलमंडीच्या बाजारात पाठवून घड्याळजीचं भिंग घ्यायला लावलं. ते मोबाईलच्या कॅमेऱ्यावर धरायचं, माशी काचेवर ठेवायची, काचेखालनं दुसऱ्या मोबाईलची बॅटरी. अन् फोटो डॉक्युमेंट करून पाठवायचा, नायतर शिरा पुसल्या जातात. सुट्टीला गावी गेलो तर आबांनी आधीच दहा माशा धरून ठेवलेल्या, मेंढरांच्या पायावरच्या. कशात ठेवल्या? भंडाऱ्याच्या पिशवीत. कमरेला तेवढीच एक तोंड आवळायची पिशवी होती म्हणले. आमच्यात भंडारा कमरेला असतोच, हळदीची पूड, देवाची. आता दहाच्या दहा माशा पिवळ्याधमक. पाठीवरच्या रेघा गेल्या, रंग गेला, राहिले नुसते पंख. मी जमंल तसं फुंकून फुंकून फोटो काढले अन् ताईच्या ग्रुपात पाठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपातच उत्तर आलं. नऊ माशा गोठ्यातल्या, कोपर नाही. दहावी उझी.

मी तो मेसेज पाचदा वाचला. शिवराज त्याच ग्रुपात होता, ते माझ्या डोक्यातच नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावात बोंब झाली. बघा, त्यांच्याच बाईनं सांगितलं, मेंढरावर उझी आहे. आबांचा फोन आला. ते काय चिडले नाय, एवढंच म्हणले की जाऊ दे अजिनाथ, तू उगं त्रास घेऊ नको. ते ऐकून माझं डोकं फिरलं. ताईला फोन लावला अन् बोललो. चार बुकं न शिकता लोकांची घरं उठवता, असलं काहीतरी बोललो. त्याच्याहून वाईटही बोललो. ताईनं मधी तोंड घातलं नाय. माझं संपल्यावर म्हणली, फोटो परत बघते, अन् फोन ठेवला.

तीन दिवस काहीच नाय. चौथ्या दिवशी, तेवीस तारखेला, मी जेवणाच्या सुट्टीत होतो तेव्हा ताईचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"अजिनाथ, त्या दहाव्या माशीच्या एकाच पंखाला कोपर दिसतंय. दुसऱ्याला नाही. माणसाचा एकच हात कोपरात वाकतो का? मला फोटो नको आता. मला ती माशी पाहिजे."

मी म्हणलं, माशी कुठली ठेवतंय कुणी, फेकली असंल. तरी आबांना फोन लावला. तर आबाच माझ्यावर उखडले. भंडाऱ्याला लागलेली वस्तू उकिरड्यावर टाकायची असती व्हय रे? पिशवीतच हायत दहाच्या दहा, मल्हारीच्या दर्शनाला कधी निघणं झालं की नदीत सोडीन म्हणलं. मी ताईला सांगितलं तर पहिल्यांदा तिचा आवाज हलला. म्हणली, पिशवी हलवू नका म्हणावं, कमरेची काढून खुंटीला लावा. मी येते.

आता सव्वीस जानेवारी म्हणजे कॉलेजात झेंडावंदन. राजकुमारभाऊ मला म्हणले, बावीस वर्षांत ही एकदाही चुकली नाय, ताप असला तरी जाते, त्या दिवशी ती लवकर उठून पांढरी साडी काढते. ताईनं कॉलेजच्या साहेबांकडं रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणले, हजेरी सक्तीची आहे, लेखी विचारणा येईल. ताई म्हणली, येऊ द्या.

पहाटे तिला गाडीवर घेऊन निघालो. थंडी मरणाची. लासूरला चहाला थांबलो तेव्हा मी मनात घोळत होतं ते बोललो. ताई, ग्रामसभेत त्या दहाव्या माशीचं काही काढूच नका. दहाच्या दहा गोठ्यातल्या म्हणून सांगा. फोटो खराब होता म्हणा. कोण विचारतंय? ताईनं कप खाली ठेवला. म्हणली, अन् उघडल्यावर ती उझीच निघाली तर? तेही सांगणार आहे मी. मी चहाचे पैसे दिले अन् गाडी काढली.

मायनं वाडग्याशी पाट टाकला. आबांनी पिशवी दोन्ही हातांत धरून आणली. ताईनं पांढरा कागद पसरला, एकेक माशी चिमट्यानं काढून कागदावर हळू झटकली. पडलेला भंडारा तिनं कागदाच्या घडीत गोळा केला अन् आबांच्या पुढं धरला. आबा म्हणले, बाई, तुमच्यात हे चालत नसंल. ताई म्हणली, नाही चालत बाबा, पण तुमची वस्तू आहे, तुमच्याकडंच राहू द्या. आबांनी घडी घेतली अन् कपाळाला लावून पिशवीत ओतली.

दहावी माशी कोणती ते ताईनं फोटोतल्या तुटक्या पायावरनं ओळखलं. मायकडनं वाटीत कोमट पाणी घेतलं, माशी त्यात सोडली अन् वाट बघत बसली. मी घड्याळ बघत होतो. ताई घड्याळाकडं बघत नव्हती. मग माशी काचेवर घेऊन बाभळीच्या काट्यानं पंख सोडवायला लागली. तेव्हा दिसलं. एक पंख दुसऱ्यावर चढून हळदीनं चिकटला होता. खालच्या पंखाची शीर वरच्या पंखातनं दिसत होती, अन् दोन शिरा एकमेकींना जिथं कापत होत्या तिथं कोपर झालं होतं. पंख सुटले तसं कोपर गेलं. दोन्ही पंखांत तीच सावकाश चढणारी शीर. ताईनं भिंग डोळ्याचं काढलं नाय. मी म्हणलं, काय ताई? म्हणली, गोठ्यातली. मग भिंग खाली ठेवून म्हणली, चूक झाली माझी. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, पण तिचं तोंड बघून मी वाटीतलं पाणी ओतायला गेलो.

गावातलं झेंडावंदन झालं, ताई पोरांच्या रांगेमागं ताठ उभी राहिली. मग शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा. सरपंच लीलाबाई खुर्चीवर, शिवराज दोन्ही बरण्या घेऊन पुढं. लीलाबाईंनी विचारलं, या बाई कोण? तेव्हा ताई उठली.

"मी सुकेशनी. या गावातल्या मेंढरावर उझी आहे असं मीच लिहिलं होतं. ते चूक होतं. फोटोवरनं घाईत सांगितलं, पंख उघडून बघितला नाही. आज बघितला. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा."

सभेत कुजबूज झाली. कुणीतरी मागनं म्हणलं, काल एक बोलायचं अन् आज एक. ताईनं तिकडं बघितलंसुद्धा नाय. तिनं काच टेबलावर ठेवली, खाली मोबाईलची बॅटरी लावली. शिवराजच्या शेडच्या बरणीतली एक माशी त्यालाच काढायला लावली, मुद्दाम बारकी. शिवराज म्हणला, ही लई लहान आहे, मोठी देतो. ताई म्हणली, लहानच दे. अळी उपाशी राहिली तर उझी बारकी निघते, मग आकारावरनं कळत नाही. दोन्ही माशांचे पंख शेजारी शेजारी पसरले अन् भिंग शिवराजच्या हातात दिलं.

शिवराज वाकला. त्यानं आधी आपली माशी बघितली, मग आमची, मग परत आपली. मग काय मनात आलं, मेंढरांच्या बरणीतल्या माशा एकेक करून काढल्या अन् ताईच्या हातानं पंख पसरवून घेतले. सात बघितल्या. एकीलाही कोपर नाय. बाप्ये, बाया, शाळेची पोरं, सगळी रांग लावून भिंगातनं बघत होती. माय सगळ्यात शेवटी गेली. तिनं ती माशी आयुष्यभर मेंढरावरनं हाकलली होती, पण पंख पहिल्यांदाच बघत होती.

शिवराजनं भिंग ठेवलं अन् म्हणला, मग माझ्या शेडमधी येते कुठनं? रागानं नाय, खरंच विचारलं. ताई म्हणली, चल. शेडच्या मागं मेलेल्या अळ्यांचा ढीग टाकलेला होता, भिंतीच्या कडंनं जमिनीला भेगा. ताईनं काट्यानंच एक भेग उकरली. तपकिरी दाण्यासारखे कोष निघाले, पाच, दहा, मग मूठभर. उझीचे. मेंढरांचा वाडगा तिथनं दीडशे पावलं लांब होता अन् उझी शिवराजच्याच पायाखाली. शिवराज खाली बसला. ताईनं त्याच्याशेजारी बसून भेगा कशा बुजवायच्या, ढीग कुठं पुरायचा, जाळी कुठं शिवायची, हे सगळं सांगितलं. त्यानं खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं.

लीलाबाईंनी ठरावाचा कागद फाडला नाय, उलटा करून मागं लिहायला लावलं, की वाडगा आहे तिथंच राहील. आबांनी अंगठा उठवला. पहिल्यांदा शाई कमी लागली म्हणून ठसा दोनदा उठवावा लागला.

परत येताना मी गाडीवर ताईची माफी मागितली. वाऱ्यात तिला ऐकू गेलं नाय बहुतेक, नायतर तिनं तसं दाखवलं. लेखी विचारणा आलीच. ताईनं उत्तरात खरं ते लिहिलं, एक दिवसाची रजा कापली गेली.

फेब्रुवारीत मी कॉलेजात गेलो, ताईच्या कुंड्यांना आबांनी लेंडीखताचं एक पोतं दिलं होतं ते पोचवायला. तिनं कपाटाचा खण ओढला अन् एक पट्टी उजेडाकडं धरली. दोन बारीक पंख, मुळाशी किंचित पिवळे. कागदावर तिच्या गोल अक्षरात गावाचं नाव होतं, मेंढीच्या पायावरून, धरणारे केरबा. खाली दोन ओळी होत्या. पहिली ओळख, फोटोवरून, चुकीची: सुकेशनी. दुसरी ओळख, पंख उघडून: सुकेशनी.

साडेतीन हजार पट्ट्यांत तिचं नाव असलेली ही एकच. मी म्हणलं, ताई, नाव पहिल्यांदा लिहिलं ते चुकीशेजारी कामून? ती म्हणली, उद्या फोटो बघून कुणी माशी ओळखायला बसलं तर पाय कुठं घसरतो ते त्याला कळायला नको का? अन् खण लावून पोतं कुठं ठेवायचं ते बघायला गेली.

रात्रपाळीला जाताना आबांना फोन केला. म्हणलं, आबा, तुमचं नाव कॉलेजच्या कपाटात लागलंय. त्यांना त्याचं काय नव्हतं. त्यांनी विचारलं, बाईचं लागलंय का?

म्हणलं, लागलंय. दोनदा.